शब्दांवर आक्षेप, सुरांवर मालकी : केसकर, रेडिओ सिलोन आणि ‘हमारा बजाज’

१.
२४ ऑगस्ट १९९५. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने ‘विंडोज ९५’ ही संगणकप्रणाली बाजारात आणली. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग कंपनीच्या रंगांत उजळली आणि जाहिरातीत वाजले ते रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाचे ‘स्टार्ट मी अप’ हे १९८१ सालचे गाणे. प्रणालीत ‘स्टार्ट’ नावाचे बटण नव्याने आले होते आणि गाण्याच्या मुखड्यातही तोच शब्द होता. योग जुळला, पण तो मुखड्यापुरताच. गाणे पुरते ऐकले तर ते उघड शृंगारिक आहे, आणि जाणत्या पुरुषालाही रडू यावे, अशी कबुली त्यात पुन्हा पुन्हा येते. संगणक मध्येच अडून बसला की लोक नेमकी तीच ओळ आठवून हसू लागले.

२.
याच कंपनीविषयी दुसरी एक कथा त्या काळापासून सांगितली जाते. इंटरनेट दाखवणाऱ्या तिच्या एका जाहिरातीला मोत्सार्टच्या ‘रेक्विएम’मधील ‘कन्फुटाटिस’ या भागाचे भव्य समूहगान जोडले होते. पडद्यावर प्रश्न येई, ‘आज तुम्हाला कुठे जायचे आहे?’ आणि मागे लॅटिनमध्ये गायले जाई ते शापितांना धगधगत्या ज्वाळांच्या स्वाधीन केल्याचे वर्णन! मोत्सार्ट १७९१ मध्ये वारला तेव्हा अपूर्ण राहिलेली ही मृतांसाठीची प्रार्थना. लॅटिन जाणणाऱ्यांची करमणूक झाली, ही कथा रंगवून सांगितली गेली, आणि जाहिरातीतला प्रश्न तिच्या उत्तरासह लोकांच्या स्मरणात राहिला.

३.
मित्रहो, या दोन्ही प्रसंगांतून एक साधा नियम दिसतो. जाहिरातदार सूर भाड्याने घेतो. शब्द त्यासोबत फुकट येतात. ऐकणारा मात्र शब्दच घरी नेतो. मग त्या शब्दांचा अर्थ ठरवायचा कोणी? कवीने, कंपनीने, सरकारने की श्रोत्याने? हा प्रश्न आपल्याकडे १९९५ मध्ये उपस्थित झाला नाही. त्याआधी ४३ वर्षे तो साऱ्या देशभर गाजला, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी मंत्री होते. आजचा धागा त्या वादाचा.

४.
आधी पूर्वपीठिका. आपल्याकडे संगीताशी आलेली पहिली मोठी ‘तंत्रज्ञान कंपनी’ म्हणजे ग्रामोफोन कंपनी. १९०२ मध्ये फ्रेडरिक गैसबर्ग हा तिचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. कंपनीला विकायचे होते यंत्र. पण तबकडीवर गाणे नसेल तर यंत्र घेणार कोण? म्हणून गाणे हीच यंत्राची जाहिरात झाली. ध्वनिमुद्रणाच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव पुकारत असे; तबकडी तयार व्हायची ती जर्मनीत, आणि तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे हे कळायला हवे होते. कोठीवरचे गाणे अशा रीतीने मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात शिरले, आणि ‘असले शब्द घरात वाजावेत का?’ हा प्रश्नही त्याच्याबरोबर आत आला.

५.
नभोवाणी आली तेव्हा हा प्रश्न सरकारचा झाला. १९४६ च्या हंगामी सरकारात माहिती व नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे होते. ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा कलावंतांना नभोवाणीवर स्थान नसावे, असे धोरण त्या काळात ठरले. त्याचा फटका मुख्यतः गाणाऱ्या बायकांना बसला. म्हणजे आक्षेप आधी गाणाऱ्या व्यक्तीवर होता. तो शब्दांपर्यंत पोहोचायला आणखी सहा वर्षे लागली.

६.
१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. काशी विद्यापीठ आणि पॅरिस येथे शिकलेले, स्वातंत्र्यलढ्यातले, शास्त्रीय संगीताचे जाणकार असे हे गृहस्थ. संस्थाने विलीन झाली होती, दरबार संपले होते, गवयांचा आश्रयदाता नाहीसा झाला होता. ती जागा आता नभोवाणीने घ्यावी, ही त्यांची दृष्टी. २० जुलै १९५२ रोजी सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ पासूनचे आकाशवाणी संगीत संमेलन ही त्याच धोरणाची फळे. अनेक गवयांच्या घरची चूल त्यामुळे पेटती राहिली, हे विसरता कामा नये.

७.
याच दृष्टीची दुसरी बाजू म्हणजे चित्रपटगीतांविषयीची नापसंती. केसकरांच्या मते ही गाणी शब्दांनी उथळ होती, क्वचित अश्लील होती आणि चालींनी पाश्चात्त्यांची उसनवारी करणारी होती. धोरण असे ठरले : प्रत्येक गाणे आधी तपासायचे, मगच प्रसारित करायचे, आणि एकूण प्रसारणात चित्रपटगीतांचा वाटा सुमारे १० टक्क्यांवर ठेवायचा. गाण्याच्या शब्दांवर इतक्या व्यवस्थितपणे चाळणी लावण्याचा स्वतंत्र भारतातील हा पहिला मोठा प्रयोग.

८.
आता कथेतला कळीचा मुद्दा. वाद केवळ शब्दांवरून झाला असता तर तडजोड निघाली असती. पण त्यात जाहिरातीचा प्रश्न मिसळला. गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगायचे की नाही? निर्मात्यांचे म्हणणे, नाव सांगितलेच पाहिजे. गाणे आमचे आहे. आकाशवाणीचे म्हणणे, चित्रपटाचे नाव सांगणे ही चित्रपटाची जाहिरात झाली आणि सरकारी नभोवाणी जाहिरात करत नाही. गायकाचे नाव पुरेसे आहे. निर्मात्यांनी आपल्या गाण्यांचे प्रसारणहक्क काढून घेतले. काही महिन्यांतच आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

९.
‘केसकरांनी चित्रपटगीतांवर बंदी घातली’ हे वाक्य तुम्ही अनेकदा वाचले असेल. ते अर्धे खरे आहे. मर्यादा सरकारने घातली. पण गाणी पूर्णपणे थांबली ती निर्मात्यांनी हक्क मागे घेतल्यामुळे. एका बाजूला शब्दांची शुद्धता, दुसऱ्या बाजूला नावाची मालकी. आणि या ओढाताणीत श्रोत्याला कोणीही विचारले नाही. हा श्रोता पोस्टातून दरवर्षी रेडिओचा परवाना घेत होता, पैसे भरत होता. त्याने काय केले? मोर्चा काढला नाही. त्याने रेडिओचा काटा फिरवला.

१०.
काटा थांबला तो कोलंबोवर. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांच्या मनोरंजनासाठी सिलोनमध्ये बलाढ्य शॉर्टवेव्ह प्रक्षेपक उभारला होता. युद्ध संपल्यावर तो सिलोन सरकारकडे आला आणि रेडिओ सिलोनने त्यावरून व्यापारी सेवा सुरू केली. शॉर्टवेव्हला सीमा नसते. सैन्यासाठी उभारलेले यंत्र आता दंतमंजन आणि साबण विकू लागले, आणि त्यासाठी त्याला हवी होती तीच गाणी, जी दिल्लीला नको होती.

११.
विशेष म्हणजे हा सगळा उद्योग चालत होता मुंबईतून. रेडिओ सिलोनसाठी जाहिराती मिळवणारी आणि कार्यक्रम तयार करणारी मंडळी इथलीच. हमीद सयानी हे त्यांतले एक प्रमुख नाव. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीला ‘बिनाका’ टूथपेस्टसाठी हिंदी गाण्यांचा कार्यक्रम हवा होता. मेहनत फार आणि मानधन आठवड्याला २५ रुपये. म्हणून ते काम हमीद यांचे धाकटे बंधू अमीन सयानी यांच्याकडे आले. ३ डिसेंबर १९५२ या बुधवारी ‘बिनाका गीतमाला’ प्रथम वाजली. ध्वनिफिती मुंबईत तयार होत आणि विमानाने कोलंबोस जात. मुंबईची गाणी समुद्रापलीकडे जाऊन आकाशमार्गे पुन्हा मुंबई-पुण्यात परतू लागली!

१२.
प्रतिसाद कसा होता? अमीन सयानी सांगत, की पहिल्या कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला ६५,००० वर गेला. इथे इतिहासाच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे. सुरुवातीस गीतमाला ही स्पर्धा होती : सात गाणी वाजत, श्रोत्यांनी ती कालक्रमाने लावून पाठवायची, आणि बक्षीस १०० रुपये. तेव्हा त्या पत्रांत गाण्यांवरचे प्रेम किती आणि बक्षिसाची आशा किती, हे वेगळे करता येत नाही. शिवाय पत्र लिहितो तो लिहिता येणारा. चहाच्या टपरीवर उभा राहून ऐकणाऱ्याचे मत या गठ्ठ्यांत नाही.

१३.
तरीही या पत्रांनी एक गोष्ट सिद्ध केली, आणि ती जाहिरातदारांना ताबडतोब कळली. सरकारी समितीने शब्द नाकारले म्हणजे श्रोत्यांनी ते नाकारले असे होत नाही. याचा पुढचा ठळक पुरावा ‘दम मारो दम’ या गाण्याचा. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या चित्रपटातील आनंद बक्षी यांचे शब्द, राहुलदेव बर्मन यांची चाल आणि आशा भोसले यांचा आवाज. चित्रपट नशेच्या विरोधात, गाणे मात्र नशेत बुडालेल्यांच्या तोंडी. आकाशवाणीने ते वर्ज्य मानले. गीतमालेच्या १९७२ च्या वार्षिक यादीत तेच पहिल्या क्रमांकावर आले. कथेचा संदर्भ गळाला की शब्दांचा अर्थ उलटतो, हे इथेही दिसते; आणि रेडिओवर संदर्भ नेहमीच गळतो.

१४.
पण चित्र एकरंगी नाही. केसकरांच्याच काळात, २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. तिथल्या सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले. पुढे वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते. कवी ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके. कोणताही प्रायोजक नाही, कोणतेही टूथपेस्ट नाही. लोक शेजाऱ्याच्या रेडिओभोवती गोळा होत, कोणी रेडिओला हार घालत, असे जुनी मंडळी आजही सांगतात.

१५.
इथला विरोधाभास लक्षात घ्या. माडगूळकर आणि फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीतले! ज्या कारखान्यातली गाणी दिल्लीला हलकी वाटत होती, त्याच कारखान्यातल्या दोन कारागिरांनी सरकारी नभोवाणीला तिचे मराठीतील सर्वांत लोकप्रिय शब्द दिले. म्हणजे दोष ‘चित्रपटवाल्यां’त नव्हता. कोणासाठी लिहायचे, किती अवकाश मिळणार आणि विकायचे काय, यावर शब्दांची जात ठरत होती. केसकरांच्या धोरणाची शक्ती आणि मर्यादा, दोन्ही पुण्याच्या त्या एका स्टुडिओत एकत्र दिसतात. चांगले निर्माण करण्यात त्यांना यश आले. नको ते थांबवण्यात आले नाही.

१६.
सरकारनेही धडा घेतला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. तिचे शिल्पकार पं. नरेंद्र शर्मा हे स्वतः चित्रपटगीते लिहिणारे कवी. पुढे १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती आल्या, आणि त्या प्रयोगासाठी निवडलेली केंद्रे होती मुंबई, पुणे आणि नागपूर. चित्रपटाचे नाव उच्चारणेही जिथे जाहिरात ठरले होते, तिथे पंधरा वर्षांत जाहिरातीच पैसे देऊन ऐकवल्या जाऊ लागल्या. दूरदर्शनवर त्या १ जानेवारी १९७६ पासून दिसू लागल्या. जाहिरातदारांनी स्वतःवर अंकुश ठेवण्यासाठी स्थापलेली भारतीय जाहिरात मानक परिषद १९८५ ची, तीही मुंबईतलीच.

१७.
आता आपल्या परिसराकडे. उसने शब्द अंगलट येऊ शकतात, तर शब्द स्वतःचेच लिहून घ्यावेत! आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९८९ मध्ये तेच केले. अलीक पदमसी यांच्या नेतृत्वाखालील लिंटास या जाहिरातसंस्थेने ‘हमारा बजाज’ ही मोहीम उभारली. शब्द जयकृत रावत यांचे, संगीत लुई बँक्स यांचे. जपानी कंपन्यांशी हातमिळवणी केलेल्या दुचाक्या बाजारात आल्या होत्या. त्यांच्यासमोर गाडीचे गुण सांगण्याऐवजी या गीताने एक सर्वनाम पुढे केले : ‘हमारा’.

१८.
त्या सर्वनामाचा इतिहास मात्र गुंतागुंतीचा आहे. चेतक स्कूटर १९७२ ची. उत्पादनावर सरकारी परवान्यांची मर्यादा होती, म्हणून नाव नोंदवून ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. काहींना दहा वर्षे. ‘आपला’ हा शब्द ज्या वस्तूसाठी वापरला गेला, ती वस्तू लोकांना इतकी वर्षे मिळतच नव्हती! टीका करणाऱ्याला यापेक्षा सोपे लक्ष्य नव्हते. तरीही गीत लोकांनी आपले मानले. कारण प्रतीक्षा, हुंड्यातली स्कूटर, पहिल्या पगारातून फेडलेला हप्ता, या साऱ्या आठवणी त्यांच्याच होत्या. शब्द कंपनीने लिहिले. अर्थ लोकांनी भरला.

१९.
आणि भरलेला अर्थ परत मागता येत नाही. २००९ मध्ये कंपनीने स्कूटर बनवणे थांबवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा खुद्द राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचे जाहीरपणे सांगितले. हिशेबाच्या दृष्टीने तो एक व्यापारी निर्णय होता. मोटारसायकली अधिक खपत होत्या. पण ‘हमारा’ म्हणून विकलेली वस्तू बंद करताना ‘आम्हाला का विचारले नाही?’ असे वाटणारे लाखो भागीदार त्या शब्दाने तयार करून ठेवले होते. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, विजेवर चालणारी गाडी आणताना कंपनीने नाव निवडले ते पुन्हा ‘चेतक’च.

२०.
याउलट घटनाही घडते : कंपनी गाण्याकडे जात नाही, गाणेच कंपनीकडे येते. २०१० मध्ये ‘दबंग’ चित्रपटातील ‘मुन्नी बदनाम हुई’ या गाण्यात एका प्रसिद्ध बामचे नाव आले. तो बाम बनवणाऱ्या इमामी कंपनीने निर्मात्यांना कायदेशीर नोटीस धाडली. नंतर दोन्ही पक्षांत समेट झाला आणि गाण्यात नाचलेली अभिनेत्रीच त्या बामच्या जाहिरातीत झळकली! १९५२ मध्ये नाव घेतले म्हणजे जाहिरात होते म्हणून भांडण झाले. २०१० मध्ये नाव घेतले म्हणून आधी भांडण झाले आणि मग जाहिरात. अठ्ठावन्न वर्षांत प्रश्न तोच राहिला, फक्त पैशाची दिशा बदलली.

२१.
या साऱ्यातून काय हाती लागते? पहिले : शब्दांवरचा आक्षेप आणि मालकीचे भांडण बहुधा एकत्र येतात, इतिहास वाचताना ते वेगळे करून पाहावेत. दुसरे : जनतेची प्रतिक्रिया नेहमी घोषणेच्या रूपात नसते. कधी ती फिरवलेला काटा असते, कधी पोस्टाचा गठ्ठा, कधी विनोद. तिसरे : आक्षेप घेणारा प्रत्येक जण अरसिक नसतो, आणि आक्षेप झुगारणारा प्रत्येक जण स्वातंत्र्यवीर नसतो. गवयांना आधार देणारे केसकर आणि टूथपेस्ट विकणारी गीतमाला, दोघांचेही ऋण आपल्या कानांवर आहे.

२२.
मोशीत राहणाऱ्याला शेवटी एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. आमच्या गावाच्या कडेने इंद्रायणी वाहते. ती देहूहून येते आणि आळंदीला जाते. परंपरा सांगते, की तुकोबांच्या शब्दांवर आक्षेप घेतला गेला आणि त्यांच्या वह्या याच नदीत बुडवाव्या लागल्या. वह्या तरल्या, असे भाविक म्हणतात. लोकांच्या तोंडी होते म्हणून शब्द तरले, असे इतर म्हणतात. दोन्ही सांगण्यांत निकाल एकच आहे. शब्द कोणाचे, याचा शेवटचा निवाडा ते लिहिणाऱ्याकडे नसतो, विकत घेणाऱ्याकडे नसतो आणि बुडवणाऱ्याकडेही नसतो.

२३.
आज काटा नाही, बोट आहे. गाणे सुरू होण्याआधी पाच सेकंदांची जाहिरात येते आणि आपण ती टाळतो. तीही एक प्रतिक्रियाच आहे, आणि ती कुठेतरी मोजली जाते. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना एकदा जरूर विचारा : बुधवारी रात्री तुमच्याकडे कोणते केंद्र लागत असे, आणि कोणते गाणे लागले की कोण उठून आवाज कमी करत असे? जे उत्तर मिळेल ते तारखेसह लिहून ठेवा. आपल्या घरचा तेवढा इतिहास अजून कोणीही लिहिलेला नाही.

(धागा समाप्त)